खोपडीला हसलो, मामाला नाही

आमची आई टीव्हीसमोरून सहसा उठत नसे. बातम्या, ‘आमची माती आमची माणसं’, रविवारचा सिनेमा, जे लागेल ते ती शेंगा सोलत किंवा तांदूळ निवडत शेवटपर्यंत पाहायची. एका मालिकेच्या वेळी मात्र ती दर आठवड्याला उठायची, आणि तेही ठरावीक क्षणी. मालिका होती ‘नुक्कड’ आणि क्षण होता खोपडी पडद्यावर येण्याचा. तो झोकांड्या खात आला, की आमच्या खोलीत हशा व्हायचा आणि आई “दूध उतू जाईल” म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळायची. ओट्यावर दूध नसायचं. सकाळी केंद्रावरून आणलेल्या दोन बाटल्या संध्याकाळच्या चहापर्यंत संपलेल्या असायच्या. हे मला दिसत होतं, पण अकरा वर्षांच्या मुलाला जे दिसतं ते सगळं कळतंच असं नाही.

साल १९८६. लालबागच्या आमच्या चाळीत मजल्यावर दोनच टीव्ही होते. त्यातला एक आमचा, वडिलांनी हप्त्यांवर घेतलेला, लाकडी शटरचा, कृष्णधवल. ‘नुक्कड’ची वेळ झाली की दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. बायका आत, मुलं जमिनीवर, पुरुष दाराच्या चौकटीला टेकून. आणि त्या चौकटीच्या पलीकडे, कॉमन गॅलरीच्या टोकाला, कधी असायचा तर कधी नसायचा असा माझा धाकटा मामा.

मामा गिरणीत होता. म्हणजे, होता असंच म्हणायला हवं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. मामासारखे हजारो लोक संपावर गेले ते गेलेच. पहिलं वर्ष त्यानं सभा-मोर्च्यांत काढलं, दुसरं वर्ष गावी, तिसऱ्या वर्षी तो परत आला तो आमच्याकडे राहायला आणि प्यायला लागलेला. रात्री उशिरा जिन्यावर त्याची पावलं वाजायची. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दोन पावलं घाईघाईनं. त्या आवाजावर चाळीत कुणी हसत नसे. दारं आतून हळूच लागायची.

हे सगळं आज आठवायचं कारण घरातलं भांडण आहे. माझी मुलगी वीस वर्षांची. मी जुन्या मालिका मोबाइलवर पाहत बसतो याची तिला गंमत वाटते. मध्यंतरी मी ‘नुक्कड’चा एक भाग लावला होता आणि खोपडीच्या एका प्रवेशाला मोठ्यानं हसलो. ती मागून पाहत होती. म्हणाली, “बाबा, हा माणूस आजारी आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे?” मी नेहमीचं उत्तर दिलं, की तो काळ वेगळा होता. तिनं विचारलं, “काळ वेगळा होता म्हणजे दारू वेगळी होती का?” या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पण एक प्रेक्षक म्हणून या प्रकरणाविषयी मला काही म्हणायचं आहे, आणि ते तिच्या आणि माझ्या दोघांच्याही बाजूनं पूर्ण नाही.

ज्यांनी ‘नुक्कड’ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुंदन शहा आणि सईद अख्तर मिर्झा या दोघांनी ती केली, १९८६-८७ या काळात दूरदर्शनवर. शहांचा ‘जाने भी दो यारों’ १९८३ मध्ये येऊन गेला होता, मिर्झांचे ‘अल्बर्ट पिंटो’ आणि ‘मोहन जोशी’ही आले होते. म्हणजे दोघांनाही मुंबई शहराची वरची आणि खालची बाजू ठाऊक होती. लेखन प्रबोध जोशींचं. कथा म्हणावी तर काहीच नाही. शहरातला एक नाका, आणि त्यावर जगणारी माणसं. विजेची उपकरणं दुरुस्त करणारा गुरू (दिलीप धवन), सायकल दुरुस्तीवाला हरी (पवन मल्होत्रा), हॉटेलवाला कादरभाई (अवतार गिल), टीचरजी (रमा विज), घरकाम करणारी राधा (संगीता नाईक), न्हावी करीम, भिकारी घनशू, आपले अजय वढावकर ज्यात जीव ओतायचे तो गणपत हवालदार, आणि समीर खक्करचा खोपडी.

यातल्या एकातही वाखाणण्यासारखं काही नव्हतं, हेच त्यातलं वाखाणण्यासारखं होतं. पोटापुरतं कमावणारी, एकमेकांची उधारी थकवणारी, खोटं बोलणारी, रुसणारी, बढाया मारणारी माणसं. हरी एका शेठच्या मुलीच्या प्रेमात होता आणि खिशात सायकलच्या पंक्चरचे पैसे. गुरू साऱ्या नाक्याचा पुढारी, पण टीचरजींपुढे त्याची जीभ अडखळायची. घनशू भिकारी होता, पण मित्रांत तो बरोबरीनं बसायचा. आमच्या चाळीतल्या एका आजोबांना हे अजिबात पटायचं नाही. “भिकाऱ्याला कोण मांडीला मांडी लावून बसवतो?” असं ते दर भागाला म्हणायचे आणि पुढच्या भागाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

त्याआधीच्या दोन वर्षांत आम्ही ‘हमलोग’ पाहिली होती. जुलै १९८४ मध्ये ती सुरू झाली आणि दीड वर्ष चालली. मनोहर श्याम जोशींची लेखणी. त्या घरातही एक दारुडा होता, बसेसर राम, घरचा कर्ता पुरुष. पण तो धडा म्हणून होता. त्याचं पिणं, बायकोवर खेकसणं, मुलींचे हाल, हे सगळं दिसायचं, आणि भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. सरकारी माध्यमातून समाजशिक्षण व्हावं असा त्या मालिकेचा उघड हेतू होता. बसेसर रामची बायको भागवंती ही सगळं मुकाट सोसणारी. तिच्याकडे पाहून बायकांनी ‘असं सोसू नये’ हे शिकावं अशी योजना होती. झालं उलटंच. पुढे संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कित्येकांना भागवंतीच आदर्श वाटत होती. त्यात आमची आईही असणार. बसेसर राम पडद्यावर आला तर ती उठून जात नसे. उलट पदर तोंडाला लावून पाहायची.

हा फरक मला फार वर्षांनी लक्षात आला. दोन मालिका, दोन दारुडे. एकाला पाहून ती रडायची आणि बसून राहायची, दुसऱ्याला पाहून सगळे हसायचे आणि ती निघून जायची. तिला दारू पाहवत नव्हती असं नाही. तिला हशा ऐकवत नव्हता.

माझ्या मुलीचं म्हणणं इथवर बरोबर आहे. खोपडीला हसणं आपल्याला परवडतं, कारण त्याच्या पिण्याची किंमत मोजणारं माणूस रोज पडद्यावर नाही. नाक्यावरच्या नेहमीच्या मंडळींत खोपडीची बायको नाही, शाळेची फी मागणारा मुलगा नाही, जिन्यावरची पावलं ऐकत जागी राहणारी बहीण नाही. तो सडाफटिंग आहे, म्हणून तो विनोदी आहे. त्याला बायको-मुलं द्या, त्याचा बसेसर राम होतो. विनोदी नाट्याच्या लेखकांची ही जुनी सोय आहे, आणि ती मराठी माणसाला नवी नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त, १९१९ सालच्या, सुधाकर आहे आणि तळीरामही आहे. दोघं एकाच बाटलीतले. पण सुधाकराबरोबर सिंधू आहे, म्हणून तिथं प्रेक्षक हुंदके देतो, आणि तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात तोच प्रेक्षक पोट धरून हसतो. शंभर वर्षांनंतर आपल्या वर्तमानपत्रांत पिऊन पडलेल्या माणसाला नाव कुणाचं मिळतं? तळीरामाचं. ‘तळीरामांची धरपकड’ हा मथळा दर एकतीस डिसेंबरनंतर ठरलेला. ‘सुधाकरांची धरपकड’ असं कुणी छापत नाही, कारण मग हसता येणार नाही.

पण मग ‘नुक्कड’ चुकली का? इथं मी मुलीची बाजू सोडतो.

अशा मालिकांतल्या सदोष माणसांचा आपण हिशेब करतो तो बहुतेक वेळा असा, की शेवटी हा सुधारला का? सुधारला नसेल तर त्याला शिक्षा झाली का? दोन्ही झालं नसेल तर लेखकानं वाईटाला उत्तेजन दिलं. हा कोर्टातला हिशेब झाला. ‘नुक्कड’नं तो केला नाही. खोपडी दर आठवड्याला शपथ घेऊन दर आठवड्याला सुधारत नव्हता. तो तसाच राहायचा आणि नाकाही त्याला तसाच ठेवून घ्यायचा. त्याला ओरडणारे होते, त्याची टिंगल करणारे होते, पण तो आला नाही तर त्याची जागा रिकामी दिसायची. तो त्या नाक्याच्या हजेरीपटावर होता. मला वाटतं, शहरात एकट्या पडलेल्या माणसाला याहून मोठी गोष्ट मिळत नाही, आणि तीस-चाळीस पात्रांच्या कौटुंबिक मालिकांना ती देता आलेली नाही.

वागळे घ्या. ‘वागळे की दुनिया’ १९८८ ची, दिग्दर्शन पुन्हा कुंदन शहांचं, मूळ कल्पना आर. के. लक्ष्मण यांची. अंजन श्रीवास्तवांचा वागळे भित्रा आहे, लहानसहान गोष्टींत कच खातो, आणि शेवटी बहुधा तसाच भित्रा राहतो. आपण त्याला माफ करतो, कारण भित्रेपणा हा मध्यमवर्गाचा घरचा दोष आहे. त्याहून मागे गेलं तर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ होते, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी रंगवलेले. चिमणरावाचे सगळे दोष आपल्या काकांत असतात, म्हणून ते गोड लागतात. खोपडीची गोष्ट वेगळी. त्याला माफ करायला मध्यमवर्गाला आपल्या उंबऱ्याबाहेर यावं लागत होतं. आमच्या चाळीतल्या आजोबांची तक्रार होती ती तीच.

(त्यानंतरच्या काळात, म्हणजे २००० नंतर संध्याकाळच्या हिंदी मालिकांत, दोष वाटून देण्यात आले. सुनेकडे एकही नाही आणि जावेकडे सगळे. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.)

आता एक संध्याकाळ सांगतो. महिना आठवत नाही, पण पाऊस होता, कारण गॅलरीत बसता येत नव्हतं म्हणून मामा आत आला होता. त्या दिवशी तो प्यायला नव्हता. दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी, गुडघे उराशी घेऊन बसला. खोपडी आला. पडला, उठला, काहीतरी बडबडला. खोलीतल्या कुणालाच हसू येईना. सगळ्यांचं लक्ष मामाकडे आणि सगळे टीव्हीकडे पाहत असल्याचं दाखवताहेत. आणि मामा हसला. खो-खो हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाला, “साला, बरोबर करतोय!” मग बाकीचे हसले. वडीलही हसले. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

मामा कशाला हसला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एकदा वाटतं, तो समीर खक्करच्या कामाला दाद देत होता, जाणकारानं द्यावी तशी. एकदा वाटतं, त्याला प्रथमच दिसलं, की आपल्यासारखा माणूस लोकांच्या घरात जातो आणि लोक दारं लावून घेत नाहीत. बोलावून पाहतात. दहा मिनिटं तो त्या खोलीत आमच्यातला होता. भाग संपला, चपला उचलल्या गेल्या, आणि तो पुन्हा गॅलरीच्या टोकाला गेला.

आम्ही खोपडीला हसलो आणि मामाला हसलो नाही, याचा अर्थ आम्ही मामाशी चांगले वागलो असा होत नाही. हसणं हा एक प्रकारचा शेजार असतो. मामाच्या वाट्याला तो शेजार आला नाही. त्याच्या वाट्याला उपदेश आले, गंडे-दोरे आले, पंढरीची माळ घालण्याचे आग्रह आले, वडिलांचं महिनाभर न बोलणं आलं, आणि आईनं लपवून दिलेले पाच-दहा रुपये आले, ज्यांचं काय होत होतं ते तिलाही ठाऊक होतं. दारू हा आजार आहे, असं आमच्या मजल्यावर एकालाही सुचलं नव्हतं. ते दुर्गुण होतं, नशीब होतं, संपाचं पाप होतं.

आणि पाहा, तेच १९८६ साल. २९ ऑगस्टला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पाठीशी पैसा आणि बळ उभं केलं ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी. मराठी माणसाला ज्यानं सर्वांत जास्त हसवलं त्यानं व्यसनी माणसासाठी पैसे दिले, याचा मला नेहमी अचंबा वाटतो, आणि मग वाटतं यात अचंबा कसला. माणसाच्या दोषांकडे बघून ज्याला प्रेमानं हसता येतं, त्यालाच बहुधा तो आजारी आहे हेही आधी दिसतं. आमच्या लालबागपासून ते केंद्र काही तासांच्या अंतरावर होतं. आम्हाला त्याचा पत्ता कळला तो मामा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. मामा १९८९ च्या पावसाळ्यात गेला, एका सरकारी इस्पितळात, काविळीनं.

मुलीच्या आग्रहावरून मी ‘पंचायत’ पाहिली. फुलेरा गाव, सचिवजी, प्रधानजी. २०२० पासून तिचे हंगाम येताहेत. तिथंही सगळी माणसं डागाळलेली. निवडून आलेली बायको आणि कारभार पाहणारा नवरा, हाच मुळात तिथला पायाभूत दोष आहे आणि मालिका त्याला हसत-हसत चिमटे घेते. नशामुक्तीच्या प्रचाराची गाडी चालवणारा चालकच प्यायलेला, असा एक भाग आहे. तिथं आम्ही दोघंही हसलो. मुलगीही. मी तिच्याकडे पाहिलं, ती म्हणाली, “हे वेगळं आहे.” बरं, वेगळं. पण खरोखरच वेगळं पुढे आहे. प्रल्हाद हा त्यातला हसरा, भाबडा उपप्रधान. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी त्याचा सैनिक मुलगा शहीद होतो, आणि तिसऱ्यात, २०२४ मध्ये, तो पिऊन गावभर पडलेला दिसतो. विनोदी मालिकाच आहे ती, पण तिथं कुणी हसत नाही. मित्र त्याला शोधत फिरतात, उचलून आणतात, जेवायला बसवतात. फैसल मलिकनं ते काम असं केलं आहे, की मला मध्येच थांबून पाणी प्यावं लागलं.

मुलीचा मुद्दा तिथं सिद्ध झाला असं ती मानते. प्रल्हादच्या दारूमागे कारण दाखवलं आहे, त्याचं दुःख दाखवलं आहे, म्हणून ते प्रामाणिक. खोपडीच्या मागे काय आहे? माझं म्हणणं असं, की कारण दिसलं तरच माणसाला जवळ घ्यायचं, ही अटसुद्धा थोडी कोर्टासारखीच आहे. प्रल्हादकडे शहीद मुलगा आहे. मामाकडे संप होता, म्हणून त्याची कणव करणारे थोडेफार होते. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच कारण नाही, जो नुसताच पितो, त्याचं काय करायचं? त्याला नाक्यावर जागा द्यायची की नाही? ‘नुक्कड’नं दिली होती, त्याला काहीही न विचारता. त्याच्या घरच्यांची बाजू दाखवली नाही हा तिचा उणेपणा मी मान्य करतो, आणि तरीही तिच्याकडेच परत जातो.

समीर खक्कर यांनी पुढे बरीच कामं केली. कमल हासनच्या ‘पुष्पक’मध्ये, १९८७ च्या त्या बिनसंवादी चित्रपटात, ते पुन्हा दारुडेच होते, पण या वेळी श्रीमंत. काही वर्षं ते अमेरिकेतही जाऊन आले. पण लोकांनी त्यांना खोपडीच म्हटलं. मार्च २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा बातमीत त्यांचा जुना फोटो दाखवला, विस्कटलेल्या केसांचा.

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. खुर्चीत बसून बातम्या पाहत होती. म्हणाली, “हा तोच ना रे, तुमचा तो पिणारा?” मी हो म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाली, “दाखव की त्याचं काहीतरी.” मी मोबाइलवर एक भाग लावून तिच्या हातात दिला. चष्मा पुसून तिनं तो पाहायला घेतला. सदतीस वर्षांत खोपडीला तिनं प्रथमच पुरता पाहिला असणार. मध्ये एकदा ती हसलीही, बारीकसं. मग बराच वेळ काही बोलली नाही.

“ह्याला कुणी हाकलत नाही,” ती म्हणाली. आणि मोबाइल परत देताना, माझ्याकडे न बघता, “आम्ही फार ओरडायचो रे त्याला.”

त्या आठवड्यात आम्ही आणखी चार भाग पाहिले. मुलगीही येऊन बसली होती. तिचा आक्षेप कायम आहे.